कुवेतमधला कडू घास

कुवेतला जाऊन आले म्हटलं की लोक आधी सोन्याचं विचारतात, मग तेलाचं, आणि शेवटी तिथे माणसं खातात काय ते. सोन्याचं मला काही ठाऊक नाही. तेल मी डोळ्यांनी पाहिलं नाही, नुसता वास घेतला. खाण्याचं मात्र सांगता येईल, कारण माझ्या प्रवासात जे घडलं ते सगळं खाण्यावरूनच घडलं.

मी धाकट्या बहिणीला परत आणायला गेले होते आणि एकटीच परत आले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यांनी उगाच आशा धरायला नको. मी धरली होती, तेवढी पुरे.

मालू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. वाईत आमच्या घरी तिचं लग्न झालं आणि वर्षभरात ती नवऱ्यापाठोपाठ कुवेतला गेली. वसंतराव तिथे एका कचेरीत हिशेबनीस. मुलगा तिथेच झाला, नंदू. आठ महिन्यांचा होऊन तो तापाने गेला. तार आली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. घरी येऊन आईला सांगितलं. आईला अंथरूण धरून तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती रडली नाही. भिंतीकडे बघत तिने एवढंच विचारलं, "त्या दिवशी त्यांना कडू घास कोणी दिला गं?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारचं किंवा नात्यातलं कोणीतरी पिठलं-भात घेऊन येतं, समोर बसतं आणि दोन घास खाल्ल्याशिवाय उठत नाही. त्याला कडू घास म्हणतात. मला वाटलं, म्हातारीचं मन बघा कुठे जातं. नातू गेला आणि हिला भाताची काळजी. मी काहीतरी उत्तर देऊन विषय बदलला.

मग वसंतरावांचं पत्र आलं. मालू जेवत नाही, धड बोलत नाही, माहेरी जा म्हटलं तर ऐकत नाही. ताई, तुम्हीच या आणि घेऊन जा. मी बिनपगारी रजा टाकली. निघताना आईने माझा हात धरला आणि दोन गोष्टी बजावल्या. मालूला घेऊन ये, मला तिला एकदा बघायचंय. आणि तिला ते विचार.

उतरताना

बोटीचं काही सांगत नाही. समुद्र सगळ्यांना माहीत आहे आणि मला तो लागतो. सांगण्यासारखं एवढंच की वाटेत कधीतरी ट्रंकेतली लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटली. कुवेतला बोट लांब उभी राहते आणि माणसांना होडीतून किनाऱ्यावर नेतात. तिथल्या कस्टमवाल्याने ट्रंक उघडली तेव्हा माझी सगळी पातळं मोहरी-हिंगाने माखलेली. त्याने बोट लावून चाखलं, डोळे मिटले आणि हिंदीत म्हणाला, "बहुत अच्छा. जाओ." त्या देशाने माझं एवढं एकच स्वागत केलं.

वसंतराव घ्यायला आले होते. मालू नव्हती. "तिला ऊन सोसत नाही," ते म्हणाले. जानेवारीचे दिवस होते, मी शाल पांघरून उभी होते. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी माझी ट्रंक उचलली.

गाव म्हणजे अर्धं पाडलेलं आणि अर्धं बांधलेलं. मातीची जुनी घरं एका बाजूने पाडत आणली होती, दुसऱ्या बाजूने सिमेंटचे मजले चढत होते आणि मधल्या धुळीतून आपल्या बैलगाडीएवढ्या रुंद मोटारी धावत होत्या. झाड दिसलं तर ते कोणाच्या तरी भिंतीआड. पाणी टँकरने येतं, समुद्राचंच पाणी उकळून गोड केलेलं. ते प्यायले आणि मला कृष्णेची आठवण आली. पाण्याला काही चवच नव्हती. हा देश माणसाला रडायला लावण्यासाठीच केलेला असावा असं त्या पहिल्या संध्याकाळी वाटलं, आणि नंतरही माझं मत फारसं बदललं नाही.

वरच्या मजल्यावर

मालू दारात उभी होती. मी मिठी मारली तर हाताला नुसती हाडं लागली. "अक्का, आलीस," ती म्हणाली आणि आत जाऊन खिडकीशी बसली. जणू मी पलीकडच्या आळीतून आले होते.

दोन खोल्या, एक गच्ची. स्वयंपाकघरात ओट्यावर काहीही नव्हतं. डबे झाकलेले, भांडी पालथी, आणि स्टोव्ह एका गोणपाटात गुंडाळून कोपऱ्यात. वसंतरावांनी बाजारातून खुबूस आणले होते. खुबूस म्हणजे भट्टीतली मोठी रोटी. त्यासोबत दही आणि खजूर.

"रोज हेच?" मी विचारलं.

"तिला स्टोव्हचा आवाज सोसत नाही, ताई. मी कचेरीतून येताना घेऊन येतो. तीही कुरतडते थोडं."

मी काही ऐकून घेणाऱ्यांतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट सोडलं, स्टोव्हला पिन केली, पंप मारला. तो फुरफुरायला लागला तशी मालू उठली आणि गच्चीवर गेली. मुगाची खिचडी झाली, ताटं झाली, ती खाली आली नाही. वर गेले तर वाऱ्यात उभी, पदर कानाशी घट्ट धरलेला. खिचडी मी आणि वसंतरावांनी खाल्ली. वसंतराव मान खाली घालून भराभर जेवले. त्यांना किती दिवसांत गरम अन्न मिळालं नव्हतं ते दिसत होतं आणि मला त्यांची कीव आली.

खालच्या मजल्यावर हमीदाबी राहायच्या. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या. नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान. मी आले हे कळल्यावर त्या भेटायला आल्या, पण जिन्याच्या वरच्या पायरीवरच थांबल्या.

"बाय, खुशाल आयलाव ना?" त्यांनी विचारलं. "मालूबाय कशी हाय?"

"या ना आत."

"नको. हितंच बरां हाय."

दोन शब्द बोलून त्या गेल्या. मला हे चमत्कारिक वाटलं. कोकणातली बाई पाहुणी आलेल्या घरी हात हलवत येते आणि उंबरासुद्धा ओलांडत नाही? निदान चार आमसुलं तरी. मी मालूला तसं म्हटलं. ती उठून खिडकीशी गेली.

बैत

स्वयंपाकाच्या शिकवणीची कल्पना वसंतरावांची. बिचाऱ्याने सगळं करून पाहिलं होतं, हे एक राहिलं होतं. समुद्रावर एक जुनं हॉटेल होतं, सगळे त्याला नुसतं बैत म्हणत, म्हणजे घर. ते होतंही घरच. मोत्यांच्या एका बड्या व्यापाऱ्याने समुद्रातल्या दगडाने बांधलेलं, मधे चौक, चौकात एक बोरीचं झाड. मोत्यांचा धंदा बुडाला, व्यापारी वारला आणि मुलांनी घराचं हॉटेल केलं. व्यापाऱ्याची धाकटी बायको मोरोक्कोतली, फेस गावची. हजच्या वाटेवर दोन्ही घरांची ओळख झाली आणि ती इतक्या लांब येऊन पडली. तिला सगळे लल्ला म्हणत, आपल्याकडे बाईसाहेब म्हणावं तसं. लल्ला आपल्या माहेरचा स्वयंपाक शिकवायची आणि तो शिकायला तेल कंपनीतल्या साहेबांच्या मडमा मोटारींतून यायच्या. हॉटेलचं नाव त्या शिकवणीमुळेच झालं होतं.

"मी वाईला मुलींना स्वयंपाक शिकवते आणि मला इथे शिकवणी लावता?" मी वसंतरावांना म्हटलं.

"तुमच्यासाठी नाही हो ताई," ते हळू म्हणाले. "तुम्ही गेलात तर ती येईल."

ती आली. नाही म्हणायचीही ताकद तिच्यात नव्हती, म्हणून आली.

लल्ला साठीची, ठेंगणी, हातावर फिकट मेंदी. ती अरबीत बोलायची आणि तिची सून नादिया इंग्रजीत सांगायची. पहिल्या दिवशी तिने आम्हाला हिरवा चहा दिला, पुदिना आणि भरपूर साखर घातलेला. किटली डोक्याएवढी उंच धरून ती ओतत होती आणि थेंबही बाहेर जात नव्हता. मग मिठात मुरवलेली लिंबं दाखवली. अख्खी लिंबं, चिरून मीठ भरलेली, ना तिखट ना हिंग. मला माझी ट्रंक आठवली. मी मांस खात नाही हे कळल्यावर लल्लाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नादियाला काहीतरी म्हणाली. नादिया हसून म्हणाली, "त्या म्हणतात, मग तुम्ही रागावता कशाच्या जोरावर?"

दुसऱ्या खेपेला कुसकुस होता. परातीत रवा घ्यायचा, त्यावर खारं पाणी शिंपडायचं, थोडं पीठ भुरभुरायचं आणि तळहात गोल गोल फिरवत त्याचे दाणे वळायचे. मग खाली रस्सा उकळत ठेवून त्यावर भोकांच्या भांड्यात ते वाफवायचे. दोन भांड्यांमधली फट पिठात भिजवलेल्या चिंधीने लिंपायची. तीनदा वाफ, दर वेळी बाहेर काढून मोकळं करायचं. आमचे गव्हले, नाही तर काय! लग्नघरी बायका चौरंगाभोवती बसून वळतात तेच. मडमांच्या परातीत चिखल झाला. मी मालूकडे पाहिलं तर तिचे हात आपोआप चालायला लागले होते. लहानपणी आईने तिला मांडीशी बसवून गव्हले शिकवले होते, तिची बोटं बारीक म्हणून. दाणे एकसारखे पडत होते. लल्ला तिच्या मागे येऊन उभी राहिली, तिने मालूचा हात उलटा करून पाहिला आणि आपल्या कपाळाला लावला.

मालू हसली. खरंच हसली. आणि शेवटी लल्लाने आम्हा दोघींसाठी वेगळ्या वाफवलेल्या सात भाज्यांच्या कुसकुसातला भोपळ्याचा तुकडा बोटांनी तिच्या बाजूला सरकवला तेव्हा तिने तो खाल्ला. मोठ्या एका थाळीभोवती सगळे बसतात, आपल्या समोरचं खायचं आणि चांगलं ते पाहुण्याकडे ढकलायचं, अशी तिथली रीत. आम्हाला उष्ट्याची केवढी धास्ती! मी दोन घास गिळले आणि मनाशी म्हटलं, बहीण जेवते आहे, गप्प बस. घरी येताना मी परतीच्या बोटीची चौकशीसुद्धा करून टाकली.

तिसऱ्या खेपेला मडमांना पुन्हा कुसकुसच हवा होता. लल्ला खुशीत होती. हात चालवता चालवता ती सांगत होती, की हा शुक्रवारचा पदार्थ आणि लग्नाचा, आणि मयताच्याही घरचा. "आमच्याकडे ज्या घरात मयत होते तिथे तीन दिवस धूर निघत नाही," नादिया सांगू लागली. "शेजारी कुसकुसाची थाळी घेऊन येतात. आमच्या सासूबाईंचे वडील वारले तेव्हा समोरच्या ज्यू बाईंनी थाळी पाठवली होती. आलेल्या थाळ्यांत सासूबाईंनी ती पहिली उघडली."

एका मडमेने विचारलं, "पण घरच्यांना भूक नसेल तर?"

लल्लाने हात थांबवले. नादियाने तिचं बोलणं हळूहळू इंग्रजीत आणलं. "त्या म्हणतात, भुकेसाठी नसतं ते. त्या घरातल्या बाईला तेवढा दिवस चुलीपाशी जावं लागू नये म्हणून असतं. ती थाळी कोणी परत करत नाही. वैऱ्याची आली तरी."

मालूच्या हातून परात सुटली. रवा सगळ्या चौकात पसरला. ती उठली आणि ओले पिठाचे हात तसेच घेऊन समुद्राकडच्या दाराने बाहेर गेली.

मी मागे गेले. बाहेर एक मोडकी होडी उपडी पडली होती, ती तिच्यावर बसली होती. मला वाटलं, मयत शब्द ऐकून तिला नंदू आठवला. मी पाठीवर हात ठेवला. आणि मग इतक्या दिवसांनी ती बोलली.

"हमीदाबींनी आणला होता, अक्का."

"काय आणलं होतं?"

"भात. वरण-भात. त्या दिवशी." ती समुद्राकडेच बघत होती. "सकाळी नंदू गेला. हे आणि कचेरीतले दोघं त्याला घेऊन गेले. परत आले, आंघोळी झाल्या. दुपारी हमीदाबी आल्या. नवं पातेलं आणलं होतं त्यांनी बाजारातून. दारातूनच म्हणाल्या, ह्यात कधी मासळी शिजली नाय, आत्ता घेतलं, माझ्या हातचं चालत नसेल तर मी लांब उभी राहते, पण बायला दोन घास घालू द्या."

"मग?"

"हे दारात गेले. म्हणाले, राग मानू नका, आमच्यात चालत नाही. हात जोडले त्यांनी. वाईट नाही गं बोलले, हात जोडून बोलले. त्या पातेलं घेऊन खाली गेल्या."

मी तिच्याशेजारी होडीवर बसले.

"संध्याकाळ झाली. ह्यांच्या पोटात आदल्या रात्रीपासून काही नव्हतं. हे म्हणाले, मालू, थोडा भात टाकतेस का? मी स्टोव्ह पेटवला. तांदूळ धुतले. भात उतू गेला, अक्का, आणि मी तो पुसला. फडकं पिळून घेऊन नीट पुसला मी स्टोव्ह. माझा मुलगा सकाळी गेला होता आणि मी स्टोव्ह पुसत होते."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती पिठाचे हात एकमेकांवर घासत राहिली आणि वाळलेल्या पिठाच्या वळ्या वाळूत पडत राहिल्या. आईने हेच विचारायला सांगितलं होतं. मी ते इतके दिवस विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची गरज उरली नव्हती.

फिंतासच्या वाटेवर

"चल घरी," मी तिला त्या रात्री म्हटलं. "आई वाट बघते आहे. तिचे फार दिवस राहिले नाहीत, मालू."

"शुक्रवारी माझ्याबरोबर ये," ती म्हणाली. "मग बोलू."

शुक्रवारी टॅक्सीने गेलो. रस्ता दक्षिणेकडे समुद्राच्या कडेने जातो. फिंतास हे खजुरीची झाडं आणि विहिरींवरचे भाजीचे मळे असलेलं खेडं. मी तिथे आल्यापासून पहिल्यांदाच इतकं हिरवं पाहत होते. पण आम्हाला तिथे जायचं नव्हतं. त्याच्या अलीकडेच मालूने टॅक्सी थांबवली आणि आम्ही रस्ता सोडून आत चालायला लागलो. परक्या माणसांना पुरायला ठेवलेली ती जागा. कुंपण नाही, झाड नाही, थोडे दगड इकडे-तिकडे.

मालू चालत राहिली, थांबली, डावीकडे वळली, पुन्हा थांबली.

"कुठे आहे?" मी विचारलं.

"ह्यांनी दगड ठेवला होता. पण वारा सुटतो ना, वाळू सरकते. पहिल्या महिन्यातच दिसेनासा झाला." तिने आजूबाजूला पाहिलं. "इतक्यातच कुठेतरी आहे. मी दर वेळी वेगळ्या जागी बसते. म्हणजे कधी ना कधी तरी त्याच्याजवळ बसले असेन."

ती एका जागी बसली आणि तिने पदर वाळूवर पसरला. मला तिथे उभं राहवेना. ऊन होतं आणि तरी गार वारा सुटला होता, त्याने डोळ्यांत वाळू जात होती. आपल्याकडे तान्ह्या पोराला पुरतात तेव्हा निदान वर तुळस लावतात, नदीच्या काठाला असतात ती लेकरं, येता-जाता बायका पाणी घालतात. इथे पाणी कोण घालणार? आणि कुठे?

परत येताना ती म्हणाली, "सांग आता. कशी येऊ? तिथे आलं की हे एवढंसुद्धा राहणार नाही."

मी खूप बोलले. आईचं सांगितलं, वसंतरावांचं सांगितलं, तू अशीच राहिलीस तर मरशील हेही सांगितलं. टॅक्सीवाला आरशातून आमच्याकडे बघत होता. मालूने सगळं ऐकून घेतलं. तिचा नकार काही बदलला नाही.

खालचा मजला

मला एकच गोष्ट करून बघण्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी मी खाली गेले, हमीदाबींच्या घरात शिरले आणि चटईवर बसले. त्यांनी चहा पुढे केला, मी प्यायले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही तो भात पुन्हा करून आणा," मी म्हटलं. "मी आहे. कोणी अडवणार नाही."

हमीदाबींनी फळीकडे बोट केलं. तिथे एक ॲल्युमिनियमचं पातेलं पालथं ठेवलेलं होतं, चकचकीत.

"तां पातेलां मी परत चुलीवर चढवलां नाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशीचा भात मी समुद्रात नेऊन सोडला. माझ्या पोरांना कसा वाढू? तो त्या बाळाचा होता."

"म्हणूनच म्हणते, आणा."

"आणीन, बाय. तुमी सांगताव तर आणीन. पण त्याचा काय उपयोग हाय? तो घास त्या दिवशीच द्यायचा असतो. मागाहून दिला तर तो नुसता भात."

"तरीही आणा," मी हट्टाने म्हटलं.

संध्याकाळी त्या आल्या. या वेळी उंबरा ओलांडून आत आल्या, पातेलं मालूसमोर ठेवलं आणि तिच्यासमोर बसल्या. वसंतराव दाराशी उभे होते. ते बाजूला सरकले, तोंड मात्र पांढरं पडलं होतं. मालूने झाकण काढलं. वरण-भात, वर तुपाची धार. तिने ताटात घेतला, कालवला आणि जेवली. सगळा जेवली. मी बघत होते. आता हिला हुंदका फुटेल, आता ही हमीदाबींच्या गळ्यात पडेल, असं मला वाटत होतं.

मालूने हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "भात छान मऊ झालाय हं, हमीदाबी. तुम्हाला उगाच त्रास."

पाहुण्यांशी बोलावं तसं बोलली. हमीदाबींनी माझ्याकडे पाहिलं. त्या पातेलं घेऊन उठल्या आणि जिना उतरताना भिंतीला हात लावून दोनदा थांबल्या.

परत

बोटीवर मी एकटीच चढले. बैतमध्ये निरोप घ्यायला गेले तेव्हा लल्लाने मालूसाठी मुरवलेल्या लिंबांची बरणी दिली होती, ती मी मालूच्या ओट्यावर ठेवून आले. मालू धक्क्यावर आली नाही. ऊन सोसत नाही म्हणाली. या वेळी मी मान डोलावली.

वसंतराव आले होते. ट्रंक होडीत चढवून झाल्यावर ते तिथेच उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "मी काय करायला हवं होतं? निघताना माझ्या वडिलांनी सांगितलं होतं, परमुलखात काहीही झालं तरी घरातलं मोडू नकोस. पोर गेलं त्या दिवशी मी तेवढंच सांभाळलं हो. दुसरं काही माझ्या हातातच नव्हतं."

त्यांचे डोळे भरले होते. मी मालूची बहीण, मला त्यांचा राग यायला हवा होता. पण एवढा गोरागोमटा, कचेरीत जाणारा माणूस तिथे लहान पोरासारखा उभा होता. तिकडे गव्हले वळणारी माझी बहीण खिडकीशी बसली होती, आणि ह्याला रोज कचेरी सुटल्यावर खुबूस घेऊन त्याच खोलीत परत जायचं होतं. मी होडीत बसले. ते हात जोडून उभे होते. हमीदाबींसमोरही ते असेच उभे राहिले असतील.

वाईला पोचले तेव्हा आई जागी होती. तिने माझ्या मागे दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटले.

"नाही आली," मी म्हटलं. "येईल पुढे."

आईला ते खोटं आहे हे कळलं असावं. मी तिचं अंग पुसलं, पेज भरवली, आणि तोंड पुसत असताना तिने ते विचारलंच.

"त्या दिवशी तिला कडू घास कोणी दिला का गं?"

मी फडक्याची घडी घालत राहिले. "शेजारच्या बाई घेऊन आल्या होत्या," मी म्हटलं. "नवं पातेलं विकत घेऊन."

"कोण त्या?"

मला वाटलं, नाव सांगावं की नाही. आईने आयुष्यभर सोवळं पाळलेलं. विटाळ झाला तर भर थंडीत विहिरीवर आंघोळ करणारी ती बाई.

"हमीदाबी म्हणून आहेत. रत्नागिरीच्या."

आईने उशीवरून मान माझ्याकडे वळवली आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा शांती दिसली.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "त्या दिवशी कोणाचंही चालतं गं. माझ्या मालूला चूल पेटवावी लागली नाही, तेवढं बरं झालं."